दोन घेतो की!

बटण दाबायचंच नाही, असं ठरवून मी त्या बंदिस्त खोलीत बसलो होतो. हेडफोनमधून बारीक 'पीं' यायचं आणि मी समोरच्या भिंतीकडे शून्य नजरेने बघायचो. मला बहिरेपणाचं सर्टिफिकेट हवं होतं. ऑडिऑलॉजिस्ट बाई काही बोलल्या नाहीत. माझ्या कानात एक छोटी नळी बसवली, "आता बटण नको, गप्प बसा" म्हणाल्या आणि मिनिटभरात म्हणाल्या, "कान उत्तम आहे."

निरोगी कान ऐकतोच, पण परत बारीक आवाजही काढतो. डेव्हिड केंप यांनी १९७८ साली तो पकडला. तान्ह्या बाळांची तपासणी याच आवाजावरून करतात. म्हणजे माझं सोंग माझ्याच कानाने फोडलं. घरचा भेदी!

सर्टिफिकेट हवं होतं सोसायटीची पदं सोडायला. वार्षिक सभेत पार्किंग, पाण्याची टाकी, लिफ्टचा मेंटेनन्स असे विषय चालले होते आणि मागच्या टेबलावर बटाटेवड्यांची परात येऊन ठेपली होती. माझं सगळं चित्त तिकडे. एवढ्यात अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही..." आणि नेमके तळमजल्यावरचे काका खोकले, "...घेणार ना?" खोकल्याखाली गेलेला शब्द होता 'पद'. मी मात्र 'वडा' ऐकला. अंदाज नाही बांधला, खणखणीत ऐकला. आणि उदार मनाने म्हणालो, "एकच कशाला? दोन घेतो की!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी सेक्रेटरीही झालो आणि खजिनदारही. (वडे तोवर गार झाले होते.)

बाईंना ही हकिगत सांगितली तेव्हा त्या पोटभर हसल्या आणि मग समजावू लागल्या. कानाकडून मेंदूकडे तारा जातात हे शाळेत शिकलो. मेंदूकडून कानाकडे उलट्या येणाऱ्या तारा ग्रँट रासमुसेन यांनी १९४६ मध्येच दाखवल्या होत्या. एकेका कानात सुमारे ३,५०० आतल्या केसपेशी असतात, त्या मेंदूला खबर देतात. बाहेरच्या सुमारे १२,००० पेशी लांब-आखूड होत आवाज वाढवतात, आणि मेंदूचा 'जरा हळू' हा हुकूम उलट्या तारांतल्याच काहींवरून या बाहेरच्यांना येतो. "म्हणजे पार्किंगची चर्चा माझ्या मेंदूने कानाच्या दारातूनच परत पाठवली!" मी आनंदाने म्हणालो. "इतकं सरळ नसतं," बाई म्हणाल्या.

वड्याचा खुलासा मात्र वरच्या मजल्यावरचा निघाला. १९७० साली रिचर्ड वॉरन यांनी ध्वनिमुद्रित वाक्यातल्या 'लेजिस्लेचर्स' या शब्दातला एक 'स' कापून तिथे खोकला चिकटवला आणि २० जणांना ऐकवला. १९ जणांनी छातीठोकपणे सांगितलं, काहीही गळलेलं नाही. खोकला नेमका कुठे होता हेही कोणाला सांगता येईना. त्यांचं एक अक्षर गेलं होतं, माझा अख्खा शब्द. भूक जास्त असावी. २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूवर बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून असंच ऐकणं टिपलं. गाळलेल्या आवाजाच्या जागी माणूस कोणता शब्द ऐकणार, याची चाहूल मेंदूच्या पुढच्या भागात तो आवाज कानी पडायच्या आधीच लागत होती. म्हणजे काका उगाच बदनाम झाले. ते खोकायच्या आधीच माझा वडा ठरलेला होता.

एवढा दारूगोळा घेऊन मी कमिटीच्या बैठकीत उभा राहिलो. वॉरन सांगितला, सॅन फ्रान्सिस्को सांगितलं, निवड रद्द करा म्हणालो. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मुद्दा बिनतोड आहे," ते म्हणाले. "लेखी अर्ज द्या, सेक्रेटरींकडे. झेरॉक्सचे पैसे खजिनदार देतील."