अडतिसाव्या पानावरचा डॉन

'गॉडफादर' मी वाचलेलं नव्हतं. हे मीच आधी सांगून टाकतो, कारण घरातली मंडळी आता ते कुणालाही सांगतात. बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ते पुस्तक पस्तीस वर्षं उभं आहे. डावीकडे 'मृत्युंजय', उजवीकडे 'युगान्त', पलीकडे 'नटसम्राट' आणि 'वाडा चिरेबंदी'. पाहुणे आले की मी त्या कप्प्याकडे हात करून म्हणायचो, "कुटुंब, निष्ठा आणि सत्ता! काय ते सगळं या एका कप्प्यात आहे." पाहुणे माना डोलवायचे. त्यांनीही वाचलेलं नसावं.

'गॉडफादर'मध्ये अडतिसाव्या पानावर पीएमटीचं एक तिकीट आहे. कोथरूड ते डेक्कन. म्हणजे माझं वाचन नळस्टॉपच्या आसपास कुठेतरी थांबलं असणार. पण तेवढ्यावर मी डॉन काय असतो ते ओळखलं होतं. लेकीचं लग्न आहे, १९४५ सालचा ऑगस्ट. बाहेर बागेत नाचगाणी चालली आहेत आणि डॉन कॉर्लिओने आत एका खोलीत बसून आहे. एकेक जण येतो, आपलं गाऱ्हाणं घालतो. लेकीच्या लग्नाच्या दिवशी सिसिलीचा माणूस कुणाला नाही म्हणत नाही. मला हे फार आवडलं. म्हणजे नाही न म्हणणं नव्हे, खोलीत बसणं.

चुलतभाऊ बाळूच्या थोरलीच्या लग्नात मी तसा बसलो. कार्यालयात मागच्या बाजूला रुखवताची आणि सामानाची खोली होती. तिथे एक हातांची खुर्ची ओढून, कोट घालून, चेहऱ्यावर गंभीर भाव आणून. घरातलं वडीलधारं माणूस इथे बसलंय म्हटल्यावर लोक येणारच. आले. एका काकूंना सेफ्टी पिन हवी होती. आचाऱ्याच्या पोऱ्याला नारळ हवे होते. फोटोग्राफरला प्लगपॉइंट हवा होता, आणि तो नेमका माझ्या खुर्चीमागे निघाला. मग कुणालातरी चांदीच्या भांड्यांची आठवण झाली आणि त्यानं बाहेरून कुलूप घातलं. अक्षता पडल्या तेव्हा मी आत होतो. मंगलाष्टकं मी रुखवतातल्या साखरेच्या सप्तपदीसमोर उभं राहून ऐकली आणि हातात अक्षता नव्हत्या म्हणून दोन शेव टाकल्या.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता.

आमचा वाईजवळ एका खेड्यात वाडा आहे. वाडा म्हणजे दोन चौक, पैकी एक पडलेला, आणि मागे पाऊण एकर जमीन. मुंबईच्या एका माणसाला तिथे हॉटेल काढायचं होतं. भाव बरा होता. अडचण एवढीच, की सह्या सगळ्यांच्या हव्यात: काकांची, बाळूची, त्याच्या धाकट्या भावाची आणि माई आत्याची. मला कुलमुखत्यारपत्र हवं होतं. सगळ्यांच्या वतीनं मी एकटा बोलणार, एकटा ठरवणार. पैसे सगळ्यांचे. माझा फक्त मान.

पण मान मागून मिळत नाही, मन तयार करावं लागतं. म्हणून मी 'कुटुंब वाचन मंडळ' काढलं. प्रत्येकानं एक पुस्तक वाचायचं आणि मे महिन्यात वाड्यावर जमून त्यावर बोलायचं. निष्ठा वाढेल, निष्ठा वाढली की सह्या होतील, असा हिशेब. पुस्तकं माझ्याच कपाटातली. वाटप नावांवरून केलं, कारण नावांपलीकडे माझी मजल नव्हती. काका ब्याऐंशीचे, तरुणपणी नाटकात काम करायचे, म्हणून त्यांना 'नटसम्राट'. वाड्याबद्दल आपुलकी वाटावी म्हणून वहिनींना 'वाडा चिरेबंदी'. बाळूला 'मृत्युंजय', कारण कर्ण म्हणजे निष्ठा हे बसच्या कंडक्टरलाही ठाऊक असतं. आणि माई आत्याला 'युगान्त'. महाभारतावर आहे, चार देवाच्या गोष्टी वाचेल बिचारी, आणि सही करेल.

आत्याची नजर अधू. बाळूची धाकटी सोनू रोज संध्याकाळी फोनवरून तिला वाचून दाखवू लागली. सोनू वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ही गोष्ट तेव्हा मला महत्त्वाची वाटली नाही.

पहिली शंका यायला हवी होती ती माझ्याच मेसेजनं. "आत्याला जरा गोडीगुलाबीनं समजवा, हक्कसोडपत्र तयार आहे, इरकल घेऊन ठेवलं आहे," असं मी बाळूला लिहिलं. ते गेलं अख्ख्या घराच्या ग्रुपवर. दोन मिनिटं शांतता. मग नाशिकच्या पुतण्याचं उत्तर आलं, "काका, ध चा मा झाला." १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला तो 'धरावे'चं 'मारावे' केल्यानं, असं आपल्याकडे म्हणतात. आनंदीबाईला निदान एक अक्षर बदलावं तरी लागलं. मी अक्षरन् अक्षर बरोबर लिहिलं होतं.

मे महिन्यात आम्ही ओसरीवर जमलो. आंब्याच्या पेट्या, मधे सतरंजी, आणि मी तक्क्याला टेकून. मी म्हटलं, करूया सुरुवात, आधी काका.

काकांनी पुस्तक मांडीवर ठेवलं, चष्मा काढला. गणपतराव बेलवलकरांनी पोराबाळांना सगळं देऊन टाकलं आणि मग काय झालं, हे १९७० सालापासून सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, असं त्यांनी सुरू केलं. डॉक्टर लागूंचा प्रयोग त्यांनी तीनदा पाहिलेला. शिरवाडकरांच्या मागे शेक्सपिअरचा लिअर राजा आहे आणि त्यानंही हीच चूक केली, असं म्हणून त्यांनी शेवट केला, "तर ही चूक इंग्लंडात झाली, नाशिकच्या लेखकानं ती इथे दाखवली. आता वाईत परत करायची गरज नाही. सही करत नाही."

वहिनींनी 'वाडा चिरेबंदी' दोनदा वाचलं होतं. धरणगावकर देशपांडे, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, वडिलांच्या तेराव्याचं जेवण घालायचं तर पैसा कुठून आणायचा. मी मधेच म्हटलं, वा, किती आपल्यासारखं! "हो," त्या म्हणाल्या, "तुमची लुना बघा चौकात कधीपासून गंजतेय." मग त्या रात्रीच्या प्रवेशावर आल्या. घरातली सून घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालून बघते तो. मला तो प्रवेश माहीत नव्हता. माहीत असता तर वहिनींना दुसरं काहीही दिलं असतं, अगदी 'रुचिरा'. कारण पुढचा प्रश्न होता, "आजींची पुतळ्यांची माळ कुठे असते हो हल्ली?"

ती १९९१ पासून माझ्या लॉकरमध्ये सुरक्षित होती. म्हणजे बहुतेक काळ. त्या क्षणी ती माझ्या बायकोच्या गळ्यात होती.

विषय बदलावा म्हणून मी बाळूकडे वळलो. बाळू उभाच राहिला. म्हणाला, "मी कर्ण आहे." त्याच्यावर लहानपणापासून अन्याय झाला, इंजिनीअरिंगला पाठवलं नाही, वाड्याची घरपट्टी त्यानं भरली. धाकटा म्हणाला, कर्ण मी, कारण मला तर कुणी विचारतच नाही. काका म्हणाले, खरं बघता मीच. नाशिकचा पुतण्या, दोन जावई, शेवटी मी. मोजले तर सात कर्ण निघाले. शिवाजी सावंतांनी १९६७ साली सहा जणांच्या तोंडून ती गोष्ट सांगितली, त्यात कुंती आहे, दुर्योधन आहे, कृष्ण आहे. पण आमच्या ओसरीवर एकालाही दुर्योधन व्हायचं नव्हतं. नजरा मात्र हळूहळू तक्क्याकडे वळल्या.

तेवढ्यात शंकरनं चहा आणला. शंकर तीस वर्षं वाडा सांभाळतो. कौलं परततो, देवाला दिवा लावतो, कुठला कागद कुठल्या पेटीत आहे ते फक्त त्याला माहीत. कप ठेवता ठेवता म्हणाला, "मृत्युंजय मी दोनदा वाचलंय. गावच्या वाचनालयात आहे." मी कौतुकानं विचारलं, मग तूही कर्ण का? "न्हाई," तो म्हणाला, "आपल्याला शोण आवडतो." शोण म्हणजे कर्णाचा धाकटा भाऊ, जन्मभर त्याच्या मागे मागे जाणारा. हे मला सोनूनं नंतर सांगितलं. त्या वेळी मी मान डोलावली, पाहुण्यांसारखी.

आणि मग माई आत्या. नऊवारी, काठी, खणखणीत आवाज. ती हुजूरपागेत होती तेव्हा इरावतीबाई कर्व्यांना तिनं पुण्यात स्कूटरवरून जाताना पाहिलं होतं. "बाई स्कूटरवर, हेच तेव्हा केवढं!" पंधरा मिनिटं स्कूटरच चालली होती. मी निश्चिंत झालो. मग ती भीष्माकडे वळली. आपण त्याला त्यागी म्हणतो, पण काशीराजाच्या तीन मुली पळवून आणताना त्यानं त्यांना विचारलं का? गांधारीला आंधळा नवरा देताना कुणी विचारलं? घराणं टिकवायचं म्हणून एक म्हातारा जन्मभर बायकांचे निर्णय घेत बसला, असं बाई लिहितात. "आणि तू मला विचारलंस का रे?"

मी म्हटलं, आत्या, इरकल आणलंय.

"ते दिसलं ग्रुपवर."

सोनूनं कागद काढला. सातबाऱ्यावर आत्याचं नाव आजवर 'इतर हक्क' या रकान्यात होतं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला तो फक्त तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना. केंद्रानं २००५ साली ती अटही काढली. बाप तेव्हा हयात होता की नव्हता यानं फरक पडत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ ऑगस्ट २०२० चा. "आणि गंमत म्हणजे," सोनू म्हणाली, "इरावतीबाई गेल्या ती तारीखही ११ ऑगस्टच. १९७०. बरोबर पन्नास वर्षं." गंमत सगळ्यांना वाटली. मी उठून पाणी प्यायलो.

त्या रात्री झोप येईना. माजघरात बॅटरी लावून 'गॉडफादर' अडतिसाव्या पानापासून पुढे वाचायला घेतलं. वाड्यापासून आठ किलोमीटरवर, वाईत, तर्कतीर्थांनी मराठी विश्वकोश उभा केला, आणि मला एक कादंबरी पुरी करायला पस्तीस वर्षं लागली. थोरला भाऊ फ्रेडोला मायकेल मारवतो, हे मी पन्नास ठिकाणी ठासून सांगितलं आहे. पुस्तकात फ्रेडो शेवटपर्यंत जिवंत आहे. तो मरतो दुसऱ्या सिनेमात. पुस्तकात मायकेल मारवतो तो सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला, आणि तेही तिच्या मुलाचा धर्मपिता होऊन. त्या घरातला सगळ्यांत भरवशाचा माणूस टॉम हेगन हा तर सिसिलीचाही नाही, लहानपणी आणून वाढवलेला पोर. आणि म्हातारा डॉन मरतो तो आपल्या भाजीच्या बागेत. पुझोनं हे १९६९ साली लिहिलं ते जुगाराची देणी फेडायला, आणि खरा गुंड आपण कधी भेटलोच नव्हतो, असं त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय. डॉनबद्दल न बघता बोलणारा मी एकटा नव्हतो, एवढाच काय तो दिलासा. पण त्यानं पुस्तक तरी पुरं केलं होतं.

पहाटे शंकर अंगण झाडायला आला. मी त्याला विचारलं, वाडा विकावा का? तो म्हणाला, "मला कधी कुणी इचारलं न्हवतं." केरसुणी न थांबवता.

वाडा विकला नाही. मुंबईच्या माणसानं दुसरा बघितला. पुतळ्यांची माळ सराफाकडे जाऊन सुटी झाली. आमच्या वाट्याला तीन पुतळ्या आणि वजन-काट्याची पावती आली, बायको अजून त्यावर बोलत नाही. लुना भंगारवाल्यानं सातशे रुपयांत नेली. वाचन मंडळ चालू आहे, पुस्तकं आता आत्या ठरवते. माझ्याकडे सतरंजी घालायचं आणि चहाचं काम आहे. इरकल तिनं ठेवून घेतलं. सही न करता. रंग चांगला आहे म्हणाली.

सातबाऱ्याचा नवा उतारा मागच्या महिन्यात आला. मालकांच्या रकान्यात दुसरं नाव माई आत्याचं आहे. माझं शेवटचं.