चूल वेगळी, नकाशा एकच

लखनौच्या गोमतीनगरातलं बैठं घर. वडील गेले, दोन मुलगे उरले, दोघांचे संसार वाढले. वर मजला चढतो. बाहेरून लोखंडी जिना लागतो. दुसरा ओटा बसतो, दुसरा सिलिंडर येतो. चूल वेगळी झाली.

कागदावर घर एकच.

‘वाटणीपत्र केलंय की!’ थोरला सांगतो. मग? वाटणीपत्र एवढंच सांगतं की खालचं कोणाचं आणि वरचं कोणाचं. वरचा मजला तिथं उभा राहू शकतो का, हे त्यात कुठं लिहिलंय? निबंधक जिन्याची रुंदी विचारत नाही. बांधकामाला परवानगी देणारं प्राधिकरण भावांचं पटतं का, ते विचारत नाही. दारं दोन आहेत आणि दोन्ही ठोठावावी लागतात.

पहिलं दार आता स्वस्त झालंय. वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क जास्तीत जास्त ५,००० रुपये आणि नोंदणी शुल्क तेवढंच, असा निर्णय उत्तर प्रदेश मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५मध्ये घेतला. आधी घराच्या किमतीवर टक्केवारी लागायची, म्हणून लोक तोंडी वाटणीवर भागवायचे. ती सबब गेली.

दुसऱ्या दाराशी गर्दी का नाही?

मुळात दार कुठलं, इथंच घोळ. गोमतीनगर लखनौ विकास प्राधिकरणानं वसवलं, इंदिरानगर आवास विकास परिषदेनं. दोन्हीकडची घरं सारखी दिसतात, कार्यालयं वेगळी. मजला चढवण्याआधी परवानगी घ्या, हे १९७३च्या नगर नियोजन कायद्याचं कलम १४ सांगतं. न घेतल्यास पाडण्याचा अधिकार कलम २७ देतं. कायदा पन्नाशी ओलांडून गेला, तरी दर घरात तो नवा.

२०२५च्या नव्या बांधकाम उपविधींनी वाट आणखी सोपी केली. १०० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी भूखंडाला नकाशा मंजुरी नको, नुसती नोंदणी पुरे. म्हणजे मोकळ्या जागेचे नियमही सुटले? मुळीच नाही. माफ झालाय तो हेलपाटा.

तरी गल्लोगल्ली ऐकू येतं ते एकच: आधी बांधू, मग शमन भरू. शमन म्हणजे तडजोड शुल्क, आणि कायद्यात ते आहे. पण जे नियमात बसवता येतं त्याचंच शमन होतं. सोडायची जागा खाऊन काढलेल्या खोलीचं कसलं शमन?

१७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मेरठच्या खटल्यात हे ठणकावून सांगितलं. बांधकाम जुनं आहे, पैसा ओतलाय, अधिकारी गप्प बसले होते, यातल्या कशानंही बेकायदा इमारत कायदेशीर होत नाही. वीज-पाण्याची जोडणीसुद्धा पूर्णत्वाचा दाखला पाहूनच द्या, असंही बजावलं. दुसरं मीटर लागलं म्हणजे दुसरं घर झालं, ही समजूत तिथं संपली.

आणि हा खेळ फक्त कागदांचा नाही.

२४ जानेवारी २०२३. लखनौच्या वजीर हसन रस्त्यावरचं अलाया अपार्टमेंट संध्याकाळी कोसळलं, माणसं गाडली गेली. नकाशा मंजूर नसल्याचं नंतर बाहेर आलं. ती मोठी इमारत, आपलं छोटं घर, असं म्हणून सुटका नाही. एका मजल्यासाठी घातलेला पाया दुसरा मजला पेलेल का, हे गवंडी अंदाजानं सांगतो. अभियंता मोजून सांगतो. सिमेंटवर लाखो घालणारा माणूस त्या मोजणीच्या फीवर घासाघीस का करतो?

पुण्या-नाशकात तरी वेगळं काय आहे? आपला महाराष्ट्राचा नगररचना कायदा १९६६चा, इतकाच फरक.

तेव्हा भावांनो, ओट्याचा दगड निवडायला जाण्याआधी वडिलांची पेटी उघडा. मूळ मंजूर नकाशा काढा आणि वास्तुविशारदापुढं ठेवा. तो ‘नाही’ म्हणाला, तर मजला चढवू नका.