न भरलेल्या सभेच्या अनुमोदकाचे पत्र

प्रभारी मुख्याध्यापक महोदय,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, यांचे सेवेशी,

स. न. वि. वि.

शाळा व्यवस्थापन समितीची गेल्या महिन्याची मासिक सभा अत्यंत खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली, तीत सर्व ठराव सर्वानुमते मंजूर झाले, आणि त्यांपैकी दोन ठरावांस खुद्द मी अनुमोदन दिले, ही वार्ता माझ्या चिरंजीवाने दप्तरातून आणलेल्या इतिवृत्ताच्या नोंदवहीवरून मला परवा रात्री समजली, तेव्हा आपल्या हातून शाळेची एवढी सेवा घडली या विचाराने मला धन्यता वाटली. उणीव एवढीच, की ज्या सभेत मी असा कर्तव्यतत्पर ठरलो ती सभा भरलीच नव्हती.

इतिवृत्त वाचनीय आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले; अनुपस्थित सदस्यांच्या रजेचे अर्ज मंजूर झाले (जिथे कोणीच उपस्थित नव्हते तिथे अनुपस्थित कोणास म्हणावे, हा प्रश्न मी नैयायिकांवर सोपवितो); अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी आलेल्या दोन विषयांवर साधकबाधक चर्चा झाली; आणि शेवटी चहापान होऊन सभा बरखास्त झाली. ज्या सभेला वेळच नव्हती तिच्या आयत्या वेळी विषय यावेत, ही प्रतिभा असामान्य होय. कायद्याने निम्म्या जागा स्त्रियांच्या असल्याने त्यांची नावेही यथास्थित आहेत. मात्र त्या सगळ्या माउलींच्या सह्यांचे वळण एकच आहे, आणि ते आपल्या फळ्यावरील सुविचाराच्या अक्षराशी विलक्षण जुळते. माझ्या नावापुढे पेन्सिलीने बारीक फुली आहे. तिथे मी निमूटपणे सही करावी आणि वही सकाळी रवाना करावी, असा आपला शिरस्ता दिसतो.

शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून त्याचा अंमल सुरू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमाने या समितीत तीनचतुर्थांश माणसे पालकांपैकी असावीत असा दंडक घातला, आणि शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणे, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही कामे तिच्याकडे सोपविली. बाविसाव्या कलमाने शाळा विकास आराखडा करण्याचा भारही तिच्यावरच टाकला असून, सरकारने योजना आणि अनुदाने त्या आराखड्याच्या आधारे द्यावीत असे म्हटले आहे. आमच्या सह्यांसाठी वहीत खोचलेला यंदाचा आराखडा मी साद्यंत वाचला. त्यात पाच वर्गखोल्यांची दुरुस्ती मागितली आहे. आपल्या शाळेस खोल्या तीन आहेत. संरक्षक भिंत ‘नदीकडील बाजूस’ हवी आहे. आपल्या गावास नदी नाही. तिसऱ्या पानावर पलीकडच्या गावाचे नाव तसेच राहून गेले आहे, त्यावरून हा मसुदा कोणत्या दप्तरातून उतरविला याचा उलगडा होतो.

या सर्व कागदांत एक ओळ आहे, आणि तिच्याकरिताच मी हे पत्र लिहावयास बसलो. ‘मुलींचे स्वच्छतागृह : सुस्थितीत.’ त्या सुस्थितीस कुलूप आहे, महोदय! टाकीत पाणी चढत नाही म्हणून घातलेले ते कुलूप आता गंजले. चौथी-पाचवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात आणि त्यांतल्या काही त्या दिवशी परत येत नाहीत. हजेरीपटावर मात्र त्या दिवसभर हजर. हे लिहिताना आपला हात थबकला नाही काय? न झालेला चहा खुशाल पाजा, पण या पोरींच्या नावाने खोटे लिहू नका. ‘नादुरुस्त’ एवढा एक शब्द खरा लिहिला असता तर त्या शब्दावर पंचायत समितीत जाऊन भांडता तरी आले असते.

अध्यक्ष महाशयांविषयी काय बोलावे? ध्वजवंदनास नारळ फोडण्यापलीकडे त्यांनी शाळेचा उंबरा ओलांडल्याचे ऐकिवात नाही.

परंतु आपणांस दोष देऊ लागलो की माझी लेखणी अडते, कारण आपण मुळात मुख्याध्यापक नव्हेच. दीडशेहून अधिक पट असेल तरच प्राथमिक शाळेस स्वतंत्र मुख्याध्यापक, असे त्याच कायद्याचे परिशिष्ट सांगते. आपला पट त्याच्या अर्ध्यावरही नाही, म्हणून दोन इयत्ता एका खोलीत शिकवून उरलेल्या वेळी आपण प्रभारी होता. सत्ताविसावे कलम शिक्षकास अशैक्षणिक कामास जुंपू नये असे बजावते आणि लगेच जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका यांचा अपवाद करते. आणि आपल्या देशात ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कोणती ना कोणती निवडणूक दाराशी उभी असतेच. खिचडीचे तांदूळ मोजा, मतदारयादी घेऊन उंबरे झिजवा, माहिती ‘आजच्या आज’ भरा असा हुकूम आला की रेंजसाठी देवळाच्या पारावर चढून उभे राहा. हे सारे करणारा माणूस महिन्याकाठी एक सभा कागदावरच उरकतो, याचे मला नवल वाटत नाही. चीड याची येते, की ज्या मंडळाच्या नावाने वरच्या कचेरीस लेखी जाब विचारता आला असता, तेच मंडळ आपण स्वहस्ते कागदी करून ठेविले, आणि स्वतः एकटे पडलात.

आपण या सातारा जिल्ह्यात आहोत. भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि लोकांच्या श्रमांवर व देणग्यांवर ती वाढविली, हे आपण दर 22 सप्टेंबरला मुलांना सांगताच. त्या लोकांची नातवंडे-पतवंडे याच गावात आहेत. त्यांना कोणी बोलावीत नाही, एवढेच.

तरी विनंती अशी. सभा सकाळी अकराची ठेवू नये. अकराला येणाऱ्याचा रोज बुडतो. सायंकाळी सातनंतर ठेवावी, म्हणजे बायकाही येतील. पहिला विषय टाकीच्या पाण्याचा घ्यावा, दुसरा आपल्यावरील अशैक्षणिक कामांचा. दोहोंविषयी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज समितीच्या नावाने जाऊ द्या. मसुदा मी लिहून आणतो, आणि तो घेऊन तालुक्यास जाण्यास चार पालक तयार आहेत.

कळावे,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक सदस्य