‘अलिबागसे आया है क्या?’ : वापरणाऱ्यांसाठी नियमावली

इंग्रजीत ‘गिव्ह’पुढे ‘अप’ येऊन बसलं की देण्याघेण्याचा संबंध सुटतो आणि माणूस हात टेकतो. मुंबईच्या हिंदीनेही अशी एक जोडी जुळवली आहे. ‘येणे’ या गरीब क्रियापदाला अलिबाग चिकटवायचं, शेवटी प्रश्नचिन्ह द्यायचं. प्रवासाचा मागमूस उरत नाही, उरतो तो एवढाच अर्थ : तू बावळट आहेस. वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी या काही सूचना.

प्रयोग नेहमी एकेरीत करावा. ‘आप अलिबागसे आये हैं क्या?’ असं अदबीने विचारलंत, तर समोरचा ‘छे छे, पेणहून’ म्हणून मोकळा होईल आणि मेहनत वाया जाईल. ‘क्या’वर हनुवटी किंचित वर गेली पाहिजे. प्रथमपुरुषी प्रयोग करू नये. ‘मी अलिबागहून आलो’ हे साधं विधान ठरतं, त्यावर लोक फार तर बोटीचं भाडं विचारतात.

स्थळाचं भान ठेवावं. दादरला, डोंबिवलीला हरकत नाही. मांडव्याच्या जेट्टीवर मात्र टाळावा, त्यातही शनिवारी सकाळी. गेटवेहून येणाऱ्या बोटीत ज्यांना हा प्रश्न विचारायची तुमची छाती होणार नाही अशी बडी मंडळी बसलेली असतात. ‘अलिबागला जाणे’ हे अगदी निराळं क्रियापद आहे. त्याचा अर्थ बंगला असणे. आता शनिवारी जाताना प्रतिष्ठित असलेला माणूस रविवारी येताना बावळट कसा होतो, हा पेच कोणत्याही वैयाकरणाने सोडवलेला नाही.

कायद्याची भीती बाळगू नये. या वाक्यावर बंदी घालावी म्हणून अलिबाग तालुक्यातल्या एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. 2019 साली न्यायालयाने ती फेटाळली; विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. आम्ही लावून घेतलं नाही. फक्त लक्षात ठेवलं.

इतिहासात या प्रयोगाची अचूक उदाहरणं फारशी नाहीत. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकजुटीने अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि कान्होजी आंग्र्यांपुढे डाळ न शिजल्याने परत गेले. त्या इंग्रजांना मुंबईच्या धक्क्यावर कोणी हा प्रश्न विचारला असता, तर तो अर्थ आणि भूगोल या दोन्ही अंगांनी निर्दोष ठरला असता. विज्ञानाचा दाखला मात्र गैरसोयीचा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यापायी तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय उपकरणं बिथरणार, म्हणून 1904 साली भूचुंबकीय वेधशाळा अलिबागला आणली. म्हणजे शहाण्यांच्या शहरात सुया थाऱ्यावर राहीनात आणि बावळटांच्या गावात राहिल्या. वाक्य वापरण्याआधी हा तपशील ऐकणाऱ्याला ठाऊक नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

इस्रायलमध्येही जपून. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि आपले पूर्वज तिथे लागले, असं बेने इस्रायली ज्यू परंपरेने सांगतात. त्यांच्यातला एखादा केहिमकर भेटला, तर शेजारचं किहीम त्याच्या आडनावातच आहे. तो अभिमानाने ‘हो’ म्हणेल.

खऱ्या अर्थाने हा प्रश्न विचारायची एकच जागा आहे : पांढऱ्या कांद्याच्या माळांपुढे. 2022 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणवून घेतो. पातीची वेणी घातलेली माळ हातात घ्यावी. एखादा कांदा चाखून पाहावा. डोळ्यांत पाणी न येता जिभेला गोडसर लागला पाहिजे. मग हनुवटी वर करून विक्रेत्याला विचारावं. इथे मात्र आवाज खणखणीत हवा, कारण उत्तर ‘नाही’ असेल तर भाव निम्म्यावर आणता येतो.