लिहून घेणार

खरेदीखत कुठे ठेवलंय हे दोघांनाच ठाऊक असावं, असं आमच्या आप्पाकाकांचं ठाम मत होतं. एक ते स्वतः आणि दुसरा परमेश्वर. गेल्या पौषात काका गेले. परमेश्वराकडे चौकशी चालू आहे.

काकांची उभी हयात नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गेली. बाहेरच्यांसाठी इंडिया सिक्युरिटी प्रेस. नाशिककरांसाठी नुसती प्रेस. 1925 पासून टपाल तिकिटं, मुद्रांक, पुढे पासपोर्ट, सगळं इथलं. आत जाताना झडती, बाहेर पडताना झडती, वाया गेलेल्या कागदाचाही हिशेब. अशा ठिकाणी तीस-पस्तीस वर्षं काढल्यावर गुप्तता माणसाच्या अंगात मुरते. भाजी कोणती आणली हेदेखील काका पिशवी रिकामी होईपर्यंत सांगत नसत. देशभरातल्या लोकांची खरेदीखतं ज्या कागदावर लिहिली गेली तो कागद ज्यांच्या डोळ्यांदेखत छापला गेला, त्यांच्या घरात त्यांचा स्वतःचा तेवढा कागद मिळेना.

प्लॉट जेलरोडला. तो असल्याचं गुपित नव्हतं. रिक्षातून जाताना काका मान न वळवता पुटपुटत, "हा आपला." आम्ही बघेपर्यंत रिक्षा पुढे गेलेली असे. त्यामुळे नेमका कोणता, याबद्दल घरात दोन पक्ष होते: लिंबाच्या झाडाचा आणि पिठाच्या गिरणीचा.

पहिला धक्का रामकुंडावर बसला. अस्थी घेऊन गेलो तर तीर्थोपाध्यायांनी आधी मूळ गाव विचारलं, मग आडनाव. "चांदवड" म्हटल्यावर त्यांनी एक लांबलचक बाड काढलं आणि चार पानं उलटून आमच्या खापरपणजोबांवर बोट ठेवलं. मोडीतली सही, कोणाबरोबर आले, कोणाच्या अस्थी आणल्या, मुलं किती, सगळं नोंदलेलं. यात्रेला आलेल्या माणसाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी ही नामावळी बघून चुलतबहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, भावनेनं. ती म्हणाली, "गुरुजी, प्लॉटबद्दल काही लिहिलंय का हो यात?"

गुरुजींनी आमची नावं लिहून घेतली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी तेही सांगा, लिहून ठेवू."

तेरावं झाल्यावर लोखंडी कपाट उघडलं. काका काही टाकत नसत. नाशिकरोड-देवळाली नगरपालिकेच्या घरपट्टीच्या पावत्या एका दोऱ्यात. 1982 साली महानगरपालिका झाली म्हणून तिथून पुढच्या वेगळ्या दोऱ्यात. रेडिओचा परवाना. रेडिओ कधीच भंगारात गेलेला. कुकरचं गॅरंटी कार्ड, त्याच्या मागे धोब्याचा हिशेब. टोरोंटोहून चुलतभाऊ व्हिडिओ कॉलवर, तिथे रात्रीचे अडीच. "डावीकडचा खण बघ... नाही, माझी डावी." स्कॅन करून का नाही ठेवलं, असं त्याने विचारताच काकूने फोन उलटा करून ठेवला, त्यामुळे बराच वेळ त्याने आमचा टेबलक्लॉथ पाहिला. बहीण गाद्या उसवायला निघाली होती, तिला आवरलं.

शोधात सर्वांत हिरीरीने उतरले ते आमचे बाबा. प्लॉटचे पैसे एकत्र कुटुंबातले होते, अशी त्यांची जुनी शंका. वकिलांनी शांतपणे सांगितलं, 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको-मुलं असताना भावाला छदाम मिळत नाही. "मी कुठे मागतोय?" बाबा म्हणाले. "मी फक्त शोधतोय."

सातबाऱ्यावर तरी काकांचं नाव असेल? नव्हतं. खरेदीनंतर फेरफाराची नोंदच केली नव्हती. नोंद करायची तर कागद तलाठ्याला दाखवावा लागतो! जमीन अजून मूळ शेतकऱ्याच्याच नावावर डुलत होती.

मग गहाळ झाल्याची तक्रार. चौकीतल्या हवालदारांनी पेन उचललं.

"कुठे हरवलं?"

"ते माहीत असतं तर..."

"केव्हा?"

"1974 ते गेल्या महिन्याच्या दरम्यान."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

वकिलांना मात्र यात काही विशेष वाटत नव्हतं. नोंदलेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकांकडे पुस्तक क्रमांक 1 मध्ये असतेच, आणि 1908 च्या नोंदणी कायद्याने फी भरून ती कोणालाही मिळते. अगदी कोणालाही! काकांनी आयुष्यभर काकूपासून लपवलेली गोष्ट कायद्याने शेजारचे जोशीही अर्ज करून वाचू शकले असते. हे ऐकायला काका नव्हते ते बरं. अडचण एवढीच, की आमच्या भागात संगणकावर 2002 च्या पुढचंच सापडतं. आधीचं हवं तर जुन्या सूच्या हातांनी चाळायच्या. त्याच कायद्यात असंही आहे, की नोंदवलेला मूळ दस्त दोन वर्षांच्या वर कोणी न्यायला आलं नाही तर तो नष्ट करता येतो. काका पावती जपून ठेवून दस्त आणायलाच विसरले असतील, हा बाबांचा नवा सिद्धान्त. पावतीही नव्हती म्हणा.

शोध घेणाऱ्या माणसाने काकांच्या नावाने सूच्या पाहिल्या. काही नाही. आसपासची वर्षंही पाहिली. नाही. घरात कुजबुज सुरू झाली, की प्लॉट घेतलाच नव्हता, नुसतंच "हा आपला". शेवटी वकील म्हणाले, विकणाऱ्याच्या नावाने बघा. सातबाऱ्यावर ते होतंच, काकांच्या गुप्ततेमुळे का होईना.

आणि सापडलं. नक्कल हातात आली, वकिलांनी चष्मा लावून वाचायला घेतली. लिहून देणार अमुक. लिहून घेणार... इथे ते थांबले, काकूकडे बघितलं आणि पुढचं वाचलं. लिहून घेणार, काकू. वय वर्षे 24, धंदा घरकाम. काका फक्त साक्षीदार. तेव्हा घेणाऱ्याने सही केलीच पाहिजे असं नव्हतं, त्यामुळे मालकिणीला न कळवता मालकी झाली होती.

खोलीत कोणी बोलेना. कोणाला किती हिस्सा, ही गेल्या महिन्याभराची चर्चा एका ओळीत संपली होती. बाबा खाकरले. "भावांपासून लपवायला वहिनीच्या नावावर... म्हणजे माझा संशय..." पुढचं त्यांनी गिळलं. फोनमधून टोरोंटो विचारत होतं, "काय झालं? कोणाच्या नावावर? हॅलो?"

काकू नकलेवरची तारीख बघत बसली होती.

"त्या वर्षी मी पाटल्या मागितल्या होत्या," ती म्हणाली. "तर म्हणाले, पैसे नाहीत."

मग वकिलांकडे वळून विचारलं, "आज भाव काय चाललाय हो?"

वकिलांनी जेलरोडचा चौरस फुटाचा भाव सांगितला.

"तो नव्हे. सोन्याचा."