क्लिप कुठली लावायची?

मोटारीच्या पुढच्या चाकाशी उकिडवं बसून कुणी आत टॉर्च मारू लागलं, की आमच्या सोसायटीत सल्लागार मंडळाची बैठक आपोआप भरते. तिला कोरम लागत नाही. विषयाची माहिती तर मुळीच लागत नाही.

परवाच्या बैठकीपुढचा विषय होता एक्सलचा बूट, म्हणजे एक्सलच्या जॉइंटवरचं रबरी आवरण. रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसची गोल नक्षी उमटली होती. रबर शाबूत होतं, पण त्याच्या मोठ्या तोंडावरची क्लिप कुठल्या खड्ड्यात राहिली होती, देव जाणे.

"आमच्या पद्मिनीला ही भानगडच नव्हती," आमच्याकडे राहायला आलेल्या मामांनी अध्यक्षीय भाषण सुरुवातीलाच उरकून घेतलं. खरंच नव्हती. पद्मिनी काय, अ‍ॅम्बॅसॅडर काय, मागच्या चाकांनी ढकलायचं आणि पुढच्यांनी वळायचं, कुणी कुणाच्या कामात लुडबुड करायची नाही. 1983 साली मारुती 800 आली आणि दोन्ही कामं पुढच्या चाकांच्या गळ्यात पडली. आता एकाच चाकाने वळायचं, गाडी ओढायची आणि खड्ड्यांत वर-खालीही व्हायचं. फुलीच्या साध्या जॉइंटला हे झेपत नाही. वाकवला की तो एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा रेंगाळतो. यावरचा उपाय फोर्डमधल्या आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने 1920च्या दशकात काढला: सहा पोलादी गोळ्या, त्यांच्यासाठी वक्र खाचा आणि गोळ्यांना जागेवर धरणारा पिंजरा. जॉइंट वाकला तरी वेग सारखाच.

एवढ्या अकलेची राखण कोण करतं, तर घड्याघड्यांचा एक रबरी शंकू आणि त्याच्या दोन तोंडांवरच्या दोन क्लिपा. ताशी 80 किलोमीटरला चाक मिनिटाला 700-800 गिरक्या घेतं. क्लिप सैल असली की आतलं ग्रीस बाहेर भिरकावलं जातं आणि रस्त्यावरचं रेतीचं पाणी आत शिरतं. पुढे पूर्ण स्टेअरिंग कापल्यावर चाकातून 'टक टक टक' ऐकू येऊ लागतं. ते सुरू झाल्यावर नव्या बुटाचं कौतुक करण्यात अर्थ नसतो. बूट शेकड्यांत येतो, जॉइंट हजारांत.

"म्हणजे लोणच्याच्या बरणीचा दादरा सुटलाय," गॅलरीतून आई म्हणाली. त्या दिवशीच्या बैठकीतलं सर्वांत तांत्रिक विधान हेच. बरणीच्या गळ्याला खोबण असते तशी जॉइंटलाही असते, आणि दोरी त्या खोबणीत बसली नाही तर कितीही आवळा, सरकणारच. काठ तेलकट राहिला तरी तेच. आईने हे सगळं सांगितलं, पण ती महिलावर्गातली आणि त्यातून गॅलरीतली, त्यामुळे इतिवृत्तात नोंद झाली नाही.

तळमजल्यावरचे काका केबल टायच्या पक्षाचे. "दोन घाला, एक तुटला तर दुसरा आहे." हल्लीचे बरेच बूट कडक प्लास्टिकसारखे असतात. ते दाबून धरण्याइतका जोर केबल टायमध्ये नसतो आणि उन्हाळ्यात तर तो स्वतःच ढिला पडतो. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते पाण्याच्या पाइपची स्क्रूवाली क्लिप घेऊन आले. ती आवळते छान, पण स्क्रूचा गठ्ठा एका बाजूला, त्याच्याखाली दाब कमी-जास्त, आणि फिरताना तो शेजारच्या कशाला तरी खरवडणार. एकाने बांधकामाची तार सुचवली. ती रबर कापते, हे त्याला सांगायची हिंमत कुणाला झाली नाही, कारण सोसायटीचा चेअरमन तोच. मामांचं मत सायकलच्या ट्यूबच्या पट्टीला. या पट्टीवर निम्मा देश उभा आहे, त्यामुळे विरोध करताना देशद्रोह केल्यासारखं वाटतं.

एवढ्या वेळात बोलावलेल्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली होती. काठ फडक्याने कोरडा केला, आत ग्रीस भरलं, बूट खोबणीत बसवला, घड्यांना पीळ पडलेला नाही ना ते बघितलं. मग बारीक तोंडाकडची क्लिप सोडून तिथे बोथट पेचकस सरकवला. 'फुस्स' झालं.

"हवा गेली!" मामा ओरडले.

"घालवलीच," मिस्त्री म्हणाले. "नाहीतर गरम झालं की फुगतो."

मग दोन्ही तोंडांवर स्टीलची कानवाली क्लिप. खास पकडीने तो कान चिमटायचा, बस्स. चिमटा कमी पडला तर गळतं, जास्त झाला तर कान तुटतो. मिस्त्रींनी चाक दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघितलं आणि कुणी न सांगताच उजव्या बाजूला गेले.

"ह्याला चिरा पडल्यात. एक्सल काढून नवा बूट घालावा लागेल."

खर्चाचा आकडा ऐकताच बैठकीतले निम्मे सभासद वर चहाला गेले. मामा मात्र जागचे हलले नव्हते. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे जुनी ट्यूब फुकट मिळेल का, एवढंच ते मिस्त्रींना विचारत होते.