झिरपेकाका

आडनाव वेगळंच आहे, पण जबलपुरात आमच्या गल्लीत ते आता कुणी वापरत नाही. असा एकजण तुमच्याही ओळखीत असेलच. तिसरा एसी बसवला तेव्हा म्हणाले, "मिस्त्रीला मजुरी मिळाली, मिस्त्री टपरीवर चहा प्यायला, झिरपलं की नाही?" कमानिया गेटपाशी खोव्याची जलेबी एकटे हाणतात, तेही हलवायाच्या पोराबाळांसाठी. कामवाल्या बाईंनी पगार वाढवून मागितला, तर म्हणे, "थेट दिला की सवय बिघडते. वरून झिरपू दे." पुढे वरच्या भाडेकरूच्या न्हाणीघरातलं पाणी खरंच त्यांच्या दिवाणखान्यात झिरपलं, तेव्हा प्लंबरसाठी सगळं शहर पालथं घातलं.

एकदा न राहवून मी सांगितलं, "काका, ही झिरपण्याची उपमा गाजवली ती अमेरिकेतल्या एका विनोदी लेखकाने, विल रॉजर्सने, १९३२ साली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हूवर इंजिनिअर, पाणी खाली झिरपतं एवढं त्यांना ठाऊक. पैसा वर झिरपतो हे नाही. गरिबाला दिलात तरी रात्रीच्या आत श्रीमंताकडे पोचतोच, असा त्याचा टोमणा होता." शिवाय पुण्याचे अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये, वाढीची फळं तळाशी फारशी पोचली नाहीत हे आकडेवारीनिशी मांडलं, तेही ऐकवलं.

काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "व्यंगकार हरिशंकर परसाईंच्या गावात राहून विनोदी लेखकाचं खोटं कसं म्हणू? पण वर आलेला पैसा मग झिरपेलच की!"

या माणसावर रागावता येत नाही. त्यांचे वडील इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत होते. पगाराच्या दिवशी आई पाकीट देवापुढे ठेवायची, हे सांगताना काकांचा आवाज दरवेळी घोगरा होतो. क्वार्टर, दवाखाना, शाळा, सगळं फॅक्टरीचं. त्यावर भावंडं शिकली. त्यातलं काहीच झिरपत आलं नव्हतं. पगार मोजून हातात पडायचा. एवढं मात्र मी त्यांना कधी ऐकवलं नाही.

दिवाळीनंतर बाईंनी काम सोडलं. नवी बाई दुप्पट मागते आहे. तूर्त काकाच भांडी घासतात.